यंत्राखाली उघडलेले डोळे

छातीवर हात ठेवून दाबायला लागलं, की अर्ध्या मिनिटात आजूबाजूचे आवाज मला लांब गेल्यासारखे वाटतात. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. कॅज्युअल्टीत इतकी वर्षं काढलेल्या सिस्टरनं असलं काही बोललेलं बरं दिसत नाही. पण होतं तसं. मॉनिटरची टिटटिट, दाराशी चाललेली नातेवाइकांची रडारड, कुणीतरी मागितलेलं इंजेक्शन, सगळं शेजारच्या घरात लावलेल्या टीव्हीसारखं होऊन जातं. डॉक्टरांनी मला उद्देशून हाक मारली तरच मी वर येते. नाहीतर दाब, सोड, दाब, सोड, एवढंच उरतं, आणि त्या दाबण्यासोडण्यात मला कापूस दिसतो.

मी वैजापूर तालुक्यातली. आमच्याकडं कापूस वेचून झाला की भाव बघून विकेपर्यंत तो घरातच ठेवायचे. पुढची खोली पत्र्याला टेकेपर्यंत भरायची. भरता भरता तो दाबावा लागायचा, आणि ते काम आम्हा भावंडांकडं असायचं. आम्हाला वर चढवून सोडायचे आणि आम्ही एकमेकांचे हात धरून तुडवत राहायचो. पाय गुडघ्यापर्यंत आत जायचा, उचलला की कापूस हळूच वर यायचा. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात बारीक तंतू तरंगायचे, आणि तुडवता तुडवता मला झोप लागायची. पाय चालू असताना लागलेली झोप. पडले तरी कापसातच पडायचे.

पुढं नर्सिंगला आले. रबराच्या पुतळ्यावर पहिल्यांदा सीपीआर शिकवला तेव्हा शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “दाबायला सगळ्यांनाच जमतं. तुम्ही सोडायला शिका. छाती पूर्ण वर येऊ द्या, तेव्हाच हृदयात रक्त परत भरतं.” माझ्या पायांना ते आधीपासून ठाऊक होतं. मॅडमनी सगळ्या वर्गाला माझ्याभोवती उभं करून बघायला लावलं, आणि घरापासून दूर आलेल्या मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला काहीतरी येतं.

लग्न होऊन संभाजीनगरला आले, इथल्याच एका मोठ्या दवाखान्यात लागले आणि कॅज्युअल्टीतच राहिले. माणूस हृदय बंद पडलेल्या अवस्थेत आला की पहिला हात माझा, हे कुणी न ठरवताच ठरून गेलं होतं. आमच्या डॉक्टर साहेबांचा एक ठरलेला शब्द होता, “सिस्टर, घ्या.” बस्स. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असा नियम आहे, कारण त्यानंतर दाब उथळ होत जातो आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही. माझ्यानंतर सिल्लोडचे एक ब्रदर असायचे, अंगानं आडवे, मनानं हळवे. आम्ही दोघं अशी पाळी बदलायचो की मध्ये एक ठोकासुद्धा चुकायचा नाही.

वाचणारे थोडे, न वाचणारे जास्त. हे काम असंच आहे. तरी दोन हातांनी एखाद्याचं रक्त फिरवत ठेवायचं, आणि मग एकदम तळहाताखाली आतून काहीतरी उत्तर द्यायला लागतं, हे मी काही वेळा अनुभवलं होतं, आणि त्यावर पुढचे कितीतरी दिवस निघायचे.

मग माझा उजवा खांदा गेला. वेणी घालायला हात वर जाईना. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितले आणि विचारलं, “काम काय करता?” मी सांगितलं. ते म्हणाले, “सिस्टर, ते दाबायचं आता दुसऱ्यांना करू द्या.” मी ‘हो’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिले. त्याच सुमाराला आमच्याकडं यंत्र आलं.

खोक्यातून निघालं तेव्हा ते मला फार साधं वाटलं. पाठीखाली सरकवायची एक पाटी, दोन्ही बाजूंनी वर येऊन जुळणाऱ्या दोन भुजा, आणि मधोमध खालीवर होणारा दांडा, त्याच्या टोकाला रबरी वाटी. कंपनीचा माणूस टाय लावून आला होता. त्यानं पुतळ्यावर ते बसवलं, बटण दाबलं, आणि दांडा ‘खच्-फुस्स, खच्-फुस्स’ करत चालू झाला. ना हळू, ना जलद, ना उथळ. “ह्याला घाम येत नाही, ह्याला चहा लागत नाही,” तो म्हणाला. सगळे हसले. हसता हसता दोघातिघांनी माझ्याकडं बघितलं. मीही हसले.

त्या आठवड्यात एकदा सुट्टीच्या दुपारी डोळा लागला आणि मला आमची कापसाची खोली दिसली. खोलीत आम्ही भावंडं नव्हतो. मधोमध ते यंत्र उभं होतं आणि एकटंच कापूस दाबत होतं. कापूस खाली खाली जात होता, पार जमिनीला लागला, तरी ते थांबत नव्हतं. मी दारात उभी राहून सांगत होते, बास आता, बास. जागी झाले तेव्हा खांदा ठणकत होता.

पहिल्यांदा खऱ्या माणसावर ते लावलं, तेव्हा आमचा पार गोंधळ झाला. एक वयस्कर गृहस्थ होते. पाटी पाठीखाली नीट सरकेना, एक भुजा चादरीत अडकली, आणि आम्ही सगळे त्या यंत्रावर वाकून बसलो. छातीवर कुणाचाच हात नव्हता. साहेब ओरडले, “अरे हात! हात चालू ठेवा!” मी चादर फेकली आणि दाबायला घेतलं. ते गृहस्थ वाचले नाहीत. यंत्र नसतं तर वाचले असते, असं कुणी म्हणू शकणार नाही. ते आले तेव्हाच फार उशीर झालेला होता. पण संध्याकाळी कपडे बदलताना माझ्या लक्षात आलं, की यंत्र फसलं याचं मला आत कुठंतरी बरं वाटलेलं आहे. एक माणूस गेलेला, आणि मला बरं वाटलेलं. त्याची लाज वाटली. अजूनही वाटते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला बसवून सांगितलं. ते शांत बोलणारे, पन्नाशीतले, चष्मा कपाळावर ठेवून विसरणारे. म्हणाले, “माणूस पडल्या पडल्या जे हात पोचतात, त्यांची बरोबरी कशानंच होत नाही. यंत्रानं हातांपेक्षा जास्त माणसं वाचतात, असं अजून तरी कुणाला ठामपणे दाखवता आलेलं नाही. पण हात जिथं कमी पडतात तिथं हे लागतं. हलत्या गाडीत. लिफ्टमध्ये. कॅथलॅबमध्ये, अँजिओग्राफीच्या टेबलावर. आणि खूप वेळ चाललं तर. ते लावताना आपण थांबलो, तर मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही.” मग आम्ही पुतळ्यावर सराव केला. एका क्षणभराच्या थांब्यात पाटी, पुन्हा हातांनी दाबणं, दुसऱ्या थांब्यात भुजा. बसेपर्यंत हात सोडायचे नाहीत. ब्रदर म्हणायचे, “ताई, ये मशीन को बी आदमी लगताच है.”

ती दुपार फाल्गुनातली. बाहेरच्या लिंबाची पानगळ चाललेली. वारा आला की पानं दारातून आत यायची आणि मावशी झाडून झाडून वैतागायच्या. जेवणं नुकतीच झाली होती. वॉर्डात सुस्ती होती, पंखा फिरत होता, आणि मी केसपेपर लिहिता लिहिता शेवटची ओळ दोनदा लिहिली होती. तेवढ्यात दुधाचे कॅन एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला आणि एक पिकअप थेट दारापाशी येऊन थांबली.

मागच्या हौद्यात, कॅनच्या मध्ये, एक माणूस आडवा होता. पांढरा सदरा, धोतर, पन्नाशीचा. त्याच्या शेजारी गुडघ्यावर त्याची बायको. पदर कमरेला खोचलेला, अंबाडा सुटलेला. ती दोन्ही हातांनी त्याची छाती दाबत होती आणि मोठ्यानं मोजत होती, “सतरा, अठरा, एकोणीस, वीस. एक, दोन, तीन…” आवाज बसला होता. गाडी थांबली हे तिला कळलंच नव्हतं.

ट्रॉली गाडीला लावली. ब्रदर हौद्यात चढले, मी चढले.

“वहिनी, सोडा आता. आम्ही आलो.”

“नाय. फोनवरल्या बाईनं सांगितलंय, दुसऱ्यानं हात लावंस्तोवर सोडू नका.”

तेव्हा मी माझे हात तिच्या हातांवर ठेवले. तिच्या मोजणीवर आम्ही दोघींनी मिळून दाबलं. चार, पाच, सहा. सातला तिनं हळूच खालून तळवे काढून घेतले, आणि मी दाबत राहिले. आजवर इतक्या जणांकडून मी पाळी घेतली, अशी कुणाकडून घेतली नव्हती. तिचे हात निघाले तरी त्यांची ऊब माझ्या हाताखाली राहिली होती.

पुढं तिच्याकडून जे कळलं ते असं. ही धनगर माणसं. पडेगावच्या पुढं एकाच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायला आलेली. सकाळपासून त्याच्या छातीत जळजळत होतं. पित्त असेल म्हणून त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि कामाला लागला. दुपारी मेंढ्यांभोवतीची जाळी सोडवत असताना तो जागच्या जागी बसला आणि मग कलंडला. बायको पाच पावलांवर होती. तिनं मदतीच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या बाईनं विचारलं, श्वास चालू आहे का, आणि मग छाती कशी दाबायची ते सांगितलं. फोन चाऱ्याच्या पोत्यावर ठेवून हिनं दाबायला सुरुवात केली. रस्त्यानं दूध गोळा करणाऱ्याची पिकअप चालली होती, ती तिच्या दिरानं अडवली, आणि दोघातिघांनी उचलून त्याला वर घातलं. रस्ताभर ती दाबत आली.

आत आल्यावर मॉनिटर लावला. हृदय थांबलेलं नव्हतं, नुसतं फडफडत होतं. त्यातून रक्त पुढं जात नव्हतं. शॉक दिला. फडफड तशीच. मी दाबलं, ब्रदरनी दाबलं, पुन्हा मी. पुन्हा शॉक. औषध. पुन्हा शॉक. प्रत्येक वेळी रेघ क्षणभर सपाट व्हायची आणि पुन्हा थरथरायला लागायची, वाऱ्यातल्या पानासारखी. माझा खांदा पेटला होता. दुसऱ्या पाळीच्या शेवटी मला कापूस दिसेना. नुसताच पांढरा उजेड दिसायला लागला. साहेबांनी माझ्या कोपराकडं बघितलं. तो वाकायला लागला होता.

“यंत्र,” ते म्हणाले.

या वेळी आम्ही चुकलो नाही. पाटी, हात, भुजा, खटका. ब्रदरनी वाटी छातीवर टेकवली, मी बटण दाबलं. खच्-फुस्स, खच्-फुस्स. आणि आमचे सगळ्यांचे हात एकदम रिकामे झाले. मला ते कुठं ठेवावेत ते कळेना. मी ते पोटाशी धरून उभी राहिले. यंत्राचा आवाज सोडला तर खोली इतकी शांत झाली, की उंबऱ्यावर आलेल्या पाल्याची सरसर ऐकू येत होती.

आणि त्या माणसानं डोळे उघडले.

अर्धवट उघडले, असं नाही. पूर्ण उघडले. त्यानं छताकडं बघितलं, मग त्या दांड्याकडं, मग माझ्याकडं. त्याचा उजवा हात वर आला आणि यंत्राची भुजा धरून ती बाजूला सारायला लागला.

“ताई, आला!” ब्रदर ओरडले. “वापस आला!”

साहेबांनी गळ्याला बोटं लावली. “थांबवा जरा.”

मी बटण दाबलं. दांडा थांबला. मॉनिटरवर तीच फडफड. आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या माणसाची नजर वर सरकली, पापण्या जडावल्या, भुजेवरची बोटं एकेक करून सुटली आणि हात खाली लोंबला.

“नाही आलेला,” साहेब हळू म्हणाले. “चालू करा.”

खच्-फुस्स. दहा-पंधरा ठोके गेले असतील. डोळे पुन्हा उघडले.

हे कधीतरी होतं, असं मी ऐकलं होतं. छातीवरचा दाब इतका पुरेसा पडतो, की मेंदूला रक्त पोचतं आणि माणूस शुद्धीवर येतो. हृदय मात्र अजून चाललेलंच नसतं. ऐकणं वेगळं. तिथं तो माणूस माझ्याकडं बघत होता, आणि त्याचं ते बघणं आमच्या एका बटणावर टेकलेलं होतं. मी ते बटण ज्या बोटानं दाबलं होतं, ते बोट मी दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवलं.

मी त्याच्या कानाशी वाकले. “दादा, तुम्ही दवाखान्यात आहात. हे यंत्र तुमची छाती दाबतंय. दुखत असेल, पण ते लागतं. घाबरू नका.” त्याच्या तोंडावर श्वास देण्याचा मास्क होता. मास्कमधून ओठ हलले. काय म्हणाला ते कळलं नाही.

साहेबांनी कॅथलॅबला फोन केला. हृदयाची नळी तुंबली असणार, ती उघडल्याशिवाय ही फडफड थांबणार नाही, आणि यंत्र चालू ठेवूनच वर न्यायचं, असं ठरलं. मग मला म्हणाले, “गुंगीचं औषध भरा. ह्याला असं जागं ठेवणं बरं नाही.”

मी सिरिंज भरली. भरताना माझ्या मनात आलं, की हा माणूस आता बघतोय, ते कदाचित त्याचं शेवटचं बघणं असेल. मी साहेबांना विचारलं, “सर, त्या बाईंना आत बोलवू? एकच मिनिट.”

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. अशा वेळी नातेवाइकांना आम्ही आत घेत नाही. “अर्धं मिनिट,” ते म्हणाले.

मी तिला आणलं. दारातच तिला सांगितलं, की डोळे उघडे आहेत, पण अजून काही खरं नाही. ती ट्रॉलीपाशी आली, त्या हलणाऱ्या दांड्याकडं तिनं एकदा बघितलं आणि मग त्याच्याकडं. रडेल असं मला वाटलं होतं. ती त्याच्या कपाळावर हात ठेवून अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “मेंढरं भावजींकडं दिलीत. पाणी पाजलंय. तुमी काळजी करू नका. मी हितंच हाय.”

तो तिच्याकडं बघत राहिला. यंत्राच्या प्रत्येक दणक्याला त्याचं डोकं थोडं हलत होतं, पण नजर तिच्यावरून हलली नाही. मी सलाइनच्या नळीतून हळूहळू औषध सोडलं. त्याचे डोळे मिटत गेले, आणि या वेळी ते झोपेनं मिटले.

लिफ्ट अरुंद. ट्रॉली, ऑक्सिजन, साहेब, ब्रदर आणि मी कसेबसे मावलो. तिथं कुणाला वाकून छाती दाबता यावी, एवढंही अंतर नव्हतं. यंत्र मात्र आपलं काम करत होतं. लिफ्टच्या दिव्यात, त्या आवाजात, सगळं एखाद्या संथ झोक्यासारखं वाटत होतं. मजले जात होते आणि आम्ही कुठंच जात नव्हतो. पहिल्यांदाच मला त्या यंत्राचा राग आला नाही. बरोबर ड्युटीला असलेल्या माणसाकडं बघावं तसं मी त्याच्याकडं बघितलं.

कॅथलॅबमध्ये जाड शिशाचे अंगरखे घालून आम्ही उभे राहिलो. पडद्यावर हृदयाच्या नळ्या फांद्यांसारख्या दिसत होत्या, आणि त्यांच्यावरून यंत्राच्या भुजांची काळी सावली गेलेली. हृदयाचे डॉक्टर त्या सावलीच्या कडेकडेनं काम करत होते. एक मोठी फांदी मध्येच तुटल्यासारखी संपत होती. त्यांनी बारीक तार पुढं सरकवली, फुगा फुगवला, आणि फांदी एकदम टोकापर्यंत आत सोडलेल्या औषधाच्या रंगानं काळी भरून आली. “द्या शॉक,” ते म्हणाले.

शॉक दिला. साहेबांनी मला खूण केली आणि मी बटण दाबलं.

दांडा थांबला. मी पडद्याकडं बघितलं नाही, मान वळवून त्याच्या गळ्याकडं बघितलं. तिथं कातडीखाली काहीतरी उचललं गेलं. खाली गेलं. पुन्हा उचललं गेलं. चष्मा कपाळावर आहे हे विसरून साहेब तो खिशात शोधत होते.

खाली आले तर ती बाहेरच्या बाकावर बसली होती. मी सांगितलं, “हृदय चालू झालंय. पण दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही.” तिनं पदर सावरला. मग माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. मनगटं सुजलेली, तळव्याच्या बुडाला फोड येऊन फुटलेले. मी तिला आत घेतलं, हात धुतले, मलम लावून पट्ट्या बांधल्या.

“विसापर्यंतच का मोजत होता?” मी विचारलं.

“मेंढरं मोजतो तशी मोजली,” ती म्हणाली. “जाळीतून एकेक सोडायचं, पाठीवर हात लावायचा. वीस झाली की एक बोट मुडपायचं, पुन्हा एकपासून. फोनवरली बाई म्हणली, मोजा. मला तेवढंच मोजता येतं. हात गुंतल्याले, बोट मुडपायला जमंना, म्हणून किती विसा झाल्या ते नाय ठाऊक.”

तिसऱ्या दिवशी तो आयसीयूत जागा झाला. चार बरगड्या मोडल्या होत्या. त्यातल्या तिच्या हातांनी किती, आमच्या किती आणि यंत्रानं किती, हे सांगायला काही मार्ग नव्हता. दोन दिवस तो ‘मी हितं कसा आलो?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि ती प्रत्येक वेळी नव्यानं उत्तर देत होती. मग विचारणं थांबलं. पुढच्या आठवड्यात तो भिंत धरून चालला.

दीडेक महिन्यानं दोघं तपासणीला आले, आणि आवर्जून कॅज्युअल्टीत मला भेटायला थांबले. ऊन चढलेलं. मी त्यांना पंख्याखाली बसवलं. तो आता अंगानं उतरला होता, पण डोळे तेच. मला त्यांच्याकडं सरळ बघायला जरा जड गेलं.

“बाई, मला कायतरी आठवतं,” तो म्हणाला. “ही म्हणती सपान असंल.”

“सांगा की.”

“आदी मी मेंढरातच हाय. मेंढरासारखाच खाली वाकून चाललोय. जाळीच्या तोंडाशी कुणीतरी मोजतंय. माझ्या पाठीवर हात पडतो, मी भाईर जातो. पुन्हा आतच असतो. पुन्हा हात पडतो. लई वेळ. पण बरं वाटत व्हतं. वाटायचं, मोजायलेत म्हंजी सोडून जात नाय.” बरगडीवर हात ठेवून त्यानं श्वास घेतला. “मंग मोजायचं बंद झालं. नुसता दणका. सारखा. एवढा सारखा, की मला कळंना, मी चाललोय का हुबाय. लख्ख दिसत व्हतं सगळं, पर वळखीचं कायच नाय. तवा भ्या वाटलं. मंग कुणीतरी मेंढरांचं बोललं.”

“मीच बोलले की,” बायको म्हणाली. “ह्यांना वाटतं भावजी बोलले.”

“आवाज बसल्याला व्हता ना तुझा.”

मी हे नंतर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, की माणूस मागाहून ऐकलेल्या गोष्टी जोडूनही आठवण तयार करतो, त्यामुळं खात्री देता येत नाही. बरोबरच आहे. त्याला बायकोनं आणि दिरानं दहादा तरी सगळं सांगितलं असणार. पण तेव्हापासून यंत्र लागलं की आमच्यातलं कुणीतरी एक जण माणसाच्या डोक्यापाशी उभं राहतं आणि त्याच्याशी बोलत राहतं, तो ऐकत असो वा नसो. बहुतेकदा ते मीच असते. खांद्यावर माझं छोटं ऑपरेशन झालं आणि आता छाती दाबायला माझ्या आधी ब्रदर पुढं होतात. मी वेळ बघते, पाळी बदलायला सांगते, कुणाचं कोपर वाकलं तर टोकते. “सोडा, पूर्ण सोडा, वर येऊ द्या,” म्हणते.

निघताना ती बाई घुटमळली. “बाई, ते यंत्र बघाया मिळंल का?”

मी कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. तिनं पदरानं हात पुसले आणि आधी पाटीला हात लावला, मग भुजांना, मग ती रबरी वाटी बोटानं दाबून बघितली. मी म्हटलं म्हणून ब्रदरनी पुतळा आणला, यंत्र त्यावर बसवलं आणि चालू केलं. ती वाकून बघत राहिली. नवरा दोन पावलं मागं सरकून भिंतीला टेकला होता.

“ह्येला दम लागत नाय?” तिनं विचारलं.

“नाही. बॅटरी संपली की थांबतं.”

“मंग बरं हाय.” ती अजून वाकलेलीच होती. “मला तर वाटलं व्हतं, पडेगावाचा रस्ता सरायचाच नाय. हे आसतं गाडीत, तर मी ह्यांचं डोकं तरी मांडीवर घेतलं असतं.”

ब्रदरनी यंत्र बंद केलं. नवरा म्हणाला, “चला आता, गाडी जाईल,” आणि ती हसली. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. तो हळूहळू चालत होता, ती त्याच्या दोन पावलं पुढं, मधूनमधून थांबून मागं बघत. फाटकापाशी तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली. तो प्याला, तोंड पुसलं, आणि दोघं रिक्षांच्या गर्दीत दिसेनासे झाले. मी आत वळले, तर तीन नंबरच्या खाटेवर दम्याची एक म्हातारी येऊन बसली होती आणि मावशींना पाणी मागत होती.